दारात न आलेली काठवट

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी काठवट आहे. परातीसारखी गोल, बाहेरून काळी, आतून लाल. याइझु बंदरातल्या एका गल्लीत तेत्सुओ आणि त्याची बायको नोबुए यांचं सुशीचं लहानसं दुकान आहे. आंबूस भाताच्या मुटक्यांवर ताज्या मासळीचे काप ठेवून तेत्सुओ ते माझ्यात मांडायचा, आणि ज्या घरून फोन येई त्या घरी मी जायची.

माझा जन्म किसोच्या डोंगरातला. सुवासिक लाकडाच्या फळ्या जोडून मला घडवलं, झाडाच्या चिकाचे लेपावर लेप दिले. हा लेप उन्हात वाळत नाही, त्याला दमट हवा लागते. म्हणून मी कितीतरी दिवस एका ओलसर कपाटात बसून होते. बाहेर आले तेव्हा माझ्या अंगात माणसाचा चेहरा दिसत होता.

काम मला फार आवडायचं. कुणाकडे बाळ आलेलं असो की कुणाचं माणूस गेलेलं, मी सगळ्यांच्या मधोमध असे. जेवणं झाली की घरची माणसं मला धुऊन-पुसून दाराबाहेर ठेवत आणि दुसऱ्या दिवशी तेत्सुओ स्कूटरवरून मला न्यायला येई. नोबुए मला हातात घेताच ओळखायची. म्हणायची, "कोमोरींकडे भांडण झालेलं दिसतंय. नुसती विसळलीय!"

मग प्लास्टिकचे डबे आले. तेत्सुओ म्हणाला, "आता परत आणायला जायची कटकट नाही." मी फळीवर चढले आणि धूळ खात पडले.

एका सकाळी उसुईकाकांचा फोन आला. काका म्हातारे, बोटींची इंजिनं दुरुस्त करून निवृत्त झालेले, घरात एकटे. "दोघांपुरतं पाठव. आणि डब्यात नको रे बाबा, त्या काळ्या काठवटीत. लेक येतेय माझी!"

मिचिरु त्यांची एकुलती एक. बापलेकीत कित्येक वर्षांचा अबोला होता. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला, दोन पेले मांडले. झाकण उचलून मासळी बघायचे, पुन्हा झाकायचे. तेवढ्यात फोन वाजला.

"नाही येत? ...छे गं, रागावलो कुठे? काम असेल तर काय करणार. ...नाही, नाही, मी काही मागवलेलं नव्हतं."

त्यांनी अंड्याची एक वडी कशीबशी खाल्ली. बाकीचं ताटलीत काढून ठेवलं आणि मला धुवायला घेतलं. एकाएकी त्यांच्या डाव्या हातातलं बळ गेलं. मी खाली आदळले, माझ्या कडेला तडा गेला. पाठोपाठ काका कोसळले. नळ तसाच वाहत राहिला.

मित्रांनो, त्यांना लेकीचं नाव घ्यायचं होतं, पण जीभ वळत नव्हती. डोळे मात्र उघडे होते. मी त्यांच्या तोंडाशी पडलेली; त्यांचा श्वास माझ्यावर धुक्यासारखा उमटायचा आणि विरायचा. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता नाही उमटणार.

दुसऱ्या दिवशी स्कूटर ऐकू आली. काकांनाही आली. उजव्या हाताने मला धरून ते जमिनीवर आपटू लागले. ठक. ठक. माझ्या लाकडात होता नव्हता तेवढा आवाज मी बाहेर काढला. पण इंजिनच्या घरघरीत तो विरून गेला. दारात काठवट नाही असं पाहून तेत्सुओ स्कूटर वळवून निघून गेला.

तेव्हा काका रडले. मला रडता येत नव्हतं.

दुकानात काय झालं ते नोबुएने नंतर पुन्हा पुन्हा सांगितलं. तेत्सुओ म्हणाला होता, "राहू दे त्यांच्याकडेच. नाहीतरी टाकायचीच होती."

"अहो, उसुईकाका काठवट ठेवायला विसरले? ते माझ्या हातात कधी ओली काठवटसुद्धा देत नाहीत! आणि तुम्ही हाक न मारता आलात?"

कमरेच्या फडक्यानिशीच ती धावत आली. दार वाजवलं. वाहता नळ ऐकला, आणि त्याखाली अगदी क्षीण... ठक.

"काका! हात थांबवू नका! मी आलेय!" तिने स्वयंपाकघराची काच फोडली.

काका वाचले, पण डावी बाजू गेली आणि बोलणं परत आलं नाही. मिचिरु आली. ते तिच्याकडे बघून काहीतरी पुटपुटायचे. "कळलं, बाबा, कळलं," असं ती म्हणायची. नोबुए सांगते, तिला एक शब्दही कळत नव्हता आणि ती बाहेर येऊन भिंतीला डोकं टेकून रडायची.

मला वाटलं होतं, आता पुन्हा काठवटी सुरू होतील. तसं काही झालं नाही. डबेच जातात. तेत्सुओ माझ्याकडे बघायचं टाळतो. नोबुए मात्र एकट्या माणसाकडे डबा गेला की दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने तिथे जाऊन येते.

मित्रांनो, माझी कड फुटली आहे, मला आता कुणी जपलं नाही तरी चालेल. पण तुमच्या गल्लीत एकटं राहणारं कुणी असेल, तर त्यांच्या दाराशी जा. निमित्त शोधत बसू नका. कडी वाजवा, आणि आतून उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.