देवाच्या पाटावरची पिवळी अक्षरं

द्वारकाबाईनं नवस बोलला तेव्हा मी तिच्या पुढ्यातच होतो, आणि त्या नवसात अडकलो तोही मीच.

"गणराया," हात जोडून ती म्हणाली, "ह्या मानसांना ते कम्प्युटर येईस्तोवर तुजा पाट मला दे. तवर तू भुईवर बस, मीबी भुईवर बसते. सगळ्यांना आलं की तुला मानानं वर बसविते आन् राजूरला पायी येते."

तो पाट म्हणजे मी. सागाचा आहे, चारही कोपऱ्यांना पितळी फुल्या आहेत. माझं बोलणं जरा रागाचं वाटेल, पण ऐकून घ्या.

एक्क्याऐंशी साली केदारखेड्याच्या सुतारानं मला घडवलं ते सर्जेरावाच्या लग्नासाठी. हळदीला नवरदेव माझ्यावर बसला, आणि मग मी नव्या नवरीच्या भांड्याकुंड्यांबरोबर जालन्याला आलो. सर्जेराव तिथं बियाण्याच्या एका कारखान्यात फिटर लागला होता. द्वारकाबाईनं राजूरच्या गणपतीच्या क्षेत्राहून पितळेचा गणपती आणला, माझ्यावर बसवला, आणि त्या दिवसापासून मी बाहेरच्या माणसाच्या स्पर्शाला पारखा झालो. आंघोळ केल्याशिवाय हात लावायचा नाही, हा तिच्या सासूबाईंचा, झुंबरबाईंचा दंडक. मला तेव्हा त्याची फुशारकी वाटायची. सोळा-सतरा वर्षं मी देव डोक्यावर घेऊन ताठ बसलो.

मग कारखान्यात कम्प्युटर आला.

त्याची हकीकत मी स्वयंपाकघरातच ऐकली. मशीन बिघडलं की आता तोंडी सांगून चालणार नव्हतं. कुठलं मशीन, काय मोडलं, काय बदललं, हे ज्यानं दुरुस्ती करायची त्यानंच कम्प्युटरमध्ये भरायचं. त्याशिवाय स्टोअरमधून साधा पट्टासुद्धा मिळणार नाही. शिकवायला पुण्याहून एक साहेब आले. चार दिवस शिकवणी, महिन्यानं परीक्षा. ज्याला जमणार नाही तो मेंटेनन्समधून गोदामात, पोती उचलायला.

सर्जेरावाची पाठ शिडीवरून पडल्यापासून कामातून गेलेली. पाण्याची घागरसुद्धा द्वारकाबाई त्याला उचलू देत नसे. पोती उचलायची म्हणजे पाठीचा कणा मोडून घ्यायचा, हे तिला न सांगता कळलं.

"मंग शिका की नीट," ती म्हणाली. "चार दिस कमी न्हाईत."

"शिकू कशावर?" सर्जेराव उसळला. "काचंची खोली हाय. चपला भाईर काढा. साहेब खुर्चीत बसून बटनं दाबतो, आमी आठ जनं मागं हात बांधून उभे. काकासाहेब दारात पहारा देऊन राह्यले. म्हनं, लांबून बगा, तुमच्या हाताला ग्रीस हाय."

काकासाहेब म्हणजे मेंटेनन्सचे मुख्य. माणूस वाईट नव्हता, पण महागाच्या वस्तूला भिणारा. शिकवणी संपली, पुण्याचे साहेब गेले, आणि काकासाहेबांनी कम्प्युटरवर प्लॅस्टिकचं झाकण घालून खोलीला कुलूप लावलं. परीक्षेच्या दिवशी उघडू म्हणाले. तुम्हीच सांगा, विहिरीवर झाकण ठेवून कुणी पोहायला शिकवतं का? आणि वर म्हणायचं काय, की ही माणसं शिकायला नाखूश आहेत!

द्वारकाबाई सहसा चिडत नाही. त्या दिवशी मात्र तिची भाकर तव्यावर करपली.

सर्जेरावाची बहीण बेबीनंदा मागच्याच गल्लीत राहायची. टायपिंगची परीक्षा पास झालेली, कोर्टाबाहेर एका वकिलाकडे टाइप करायला जायची. तिनं पुठ्ठ्यावर बटणं काढून दिली. पण फिटर-वेल्डरांची बोटं ती! दोन दिवसांत पुठ्ठ्याचा चोथा झाला.

त्याच संध्याकाळी द्वारकाबाईनं नवस बोलला. गणपती उचलला, भुईवर मूठभर तांदूळ ठेवून त्यावर बसवला, आणि मला ओट्यावरून खाली घेतलं. मशीनवर नंबर टाकायचा पिवळा रंग सर्जेरावानं वाटीभर आणलाच होता. बेबीनंदानं काडीला कापूस गुंडाळून माझ्या पाठीवर ठळक इंग्रजी अक्षरं काढली.

झुंबरबाई देवळातून आल्या आणि दारातच थबकल्या.

"द्वारके! देवाचा पाट बाटिवला?"

"आत्याबाई, विद्येचा देव हाय ना त्यो? मंग त्याच्या पाटावर विद्या आली तर बाटंल कसा?"

"मोठी शास्त्रीणबुवा लागून गेली!" म्हणत झुंबरबाई आत गेल्या आणि भांडी आपटू लागल्या.

दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीला माणसं येऊ लागली. सर्जेराव, वायरमन वसंता, म्हातारा वेल्डर भिवा, आणि होतील तसे बाकीचे. वसंता माझ्यासमोर येऊन अवघडला. तो बौद्धवाड्यातला.

"वहिनी, देवाचा पाट हाय ह्यो."

"देव तिकडं बसलाय. हिथं तुमी बसा."

वसंता हसला, पण हसण्याला धार होती. "आमच्या आज्याला देवळाच्या पायरीला हात लावू देत नव्हते. आता आमाला त्या पेटीला लावू देत न्हाईत. दुनिया लई पुढं गेली बगा, वहिनी."

द्वारकाबाईनं मला दोन्ही हातांनी त्याच्याकडे सरकवलं. वसंतानं हळूच एका अक्षरावर बोट ठेवलं. इतक्या वर्षांनी मला घराबाहेरच्या माणसाचं बोट लागलं, आणि माझी सगळी फुशारकी त्या बोटाखाली विरघळली. 'हात लावू नका' म्हणवून घेण्यात मोठेपणा कसला होता, हे मला तेव्हापासून कळेनासं झालंय.

महिनाभर ती बोटं माझ्यावर नाचली. बेबीनंदा शब्द सांगायची, चुकलं की पट्टी दाखवायची. ओळ संपली की डावा हात उचलून हवेत उजवीकडे ढकलायचा, हेही तिनं शिकवलं. टाइपरायटरला तिथं दांडी असते, ती ढकलली की पुढची ओळ येते. कम्प्युटर बिचारीनंही कधी पाहिला नव्हता.

परीक्षेच्या दिवशी सर्जेराव घरी आला तो हसत होता की चिडला होता, समजेना.

"अव्हो, काय झालं? बोला की जल्दी!" द्वारकाबाईला धीर धरवेना.

"पहिली पाळी माजीच. बराबर लिवलं सगळं. परीक्षेला आलेला पुन्याचा साहेब बगतच राह्यला. ओळ संपली, आन् म्या हात उचलून असा ढकलला हवेत. सगळी खोली हसली! काकासाहेब म्हनले, सर्जेराव, माशी हाकलता का?"

"अगं बाई! मंग?"

"मंग मीबी बोललो. म्हनलं, हसा साहेब. देवाच्या पाटावर जेवढी बटनं होती तेवढी आमी शिकलो. ह्याच्यात ओळ कशी बदलायची ते तुमी चार दिसांत सांगितलं न्हाई, आन् बोट लावू दिलं न्हाई. आमच्या घरी देव भुईवर बसलाय, आन् तुमचं यंत्र महिनाभर झाकनाखाली होतं."

पुण्याचे साहेब काकासाहेबांकडे वळले होते. "महिनाभर खोली बंद होती?" काकासाहेब म्हणाले, "महागाची वस्तू हो..." साहेबांनी बाजूला ठेवलेलं ते झाकण स्वतः उचलून कोपऱ्यात भिरकावलं, परीक्षा थांबवली आणि दोन दिवस प्रत्येकाला खुर्चीत बसवलं. मग परीक्षा घेतली. सर्जेराव पास झाला, वसंता झाला, बाकीचेही झाले.

एकटा भिवा राहिला. वेल्डिंग करून करून त्याची बोटं एवढी जाड झाली होती, की एका बोटाखाली दोन बटणं दबायची. माझ्यावरची अक्षरं मोठी, तिथली बटणं लहान. त्याला गोदामात पाठवलं. दिवाळीनंतर पुन्हा एकदा बसू देऊ, असं काकासाहेब तेवढं म्हणाले.

"तुज्या नवऱ्याचं झालं ना?" झुंबरबाईंनी तगादा लावला. "मंग बसिव देव वर."

"नवस सगळ्यांचा बोलले, आत्याबाई. भिवादादा राह्यलेत."

"आन् त्या भिव्याला जल्मात आलंच न्हाई तर?"

"तर मी हाय ना भुईवर, देवासंगं."

झुंबरबाई रात्रभर धुसफुसल्या. सकाळी पदर खोचून निघाल्या त्या थेट भिवाच्या दारात, आणि संध्याकाळी त्याला पुढे घालून घेऊन आल्या.

"बस हितं! तुज्यापायी माजा गनपती भुईवर बसलाय. लाज वाटती का?"

"मावशी, बोटाला काय करू? कापून टाकू?"

"कापतोय कशाला, मुडद्या! बोट आडवं टाकतो म्हून दोन दबत्यात. टोकानं धर." त्यांनी ज्वारीची वाटी आणली. माझ्या एकेका अक्षरावर एकेक दाणा ठेवला. "मी नाव घेईन त्यो दाना उचल. शेजारचा हालला तर चहा न्हाई."

झुंबरबाईंना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. बेबीनंदा अक्षर सांगे, त्या ते ठणकावून पुन्हा म्हणत. पहिले कितीतरी दिवस भिवाला चहा मिळाला नाही. देवाच्या पाटाला शिवू न देणारी ती म्हातारी माझ्यावर दाणे मांडत रोज तिन्हीसांजेला बसू लागली, आंघोळीची आठवणही न काढता. द्वारकाबाई चुलीपाशी भुईवर बसून ऐकायची आणि पदरात हसायची.

दिवाळीनंतर भिवा पुन्हा परीक्षेला बसला. तो दारात येऊन उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात पेढ्याचा पुडा होता, आणि अंगावर वेल्डिंगचा जुना डगला.

"मावशी," तो म्हणाला, "उचला तुमचा गनपती. वर बसू द्या त्याला. मलाबी चहा द्या."

झुंबरबाईंनी आधी चहा ठेवला.

पुढं द्वारकाबाई राजूरला पायी जाऊन आली. देव परत माझ्यावर बसवताना तिनं राखेची वाटी बाजूला सारली. अक्षरं घासली नाहीत. "राहू द्या. नवसाची खूण हाय," म्हणाली.

आता कारखान्यात तिसरा का चौथा कम्प्युटर आलाय. काचेची ती खोली पाडली. झुंबरबाई देवाघरी गेल्या, भिवा सुनेकडे अंतरवाली सराटीला असतो. माझा पिवळा रंग बराच उडालाय, पण गणपतीच्या डाव्या-उजव्या बाजूला चार-दोन अक्षरं दिसतात. नवखा पाहुणा विचारतो, हे काय? मग द्वारकाबाई त्याला बसवून घेते, भुईवर.

एवढंच मागणं आहे तुमच्याकडे. तुमच्या घरी, कामावर, कुणाला काही नवं शिकायचं असेल तर ते झाकून ठेवून त्यालाच अडाणी म्हणू नका. हात लावू द्या. तेवढ्यासाठी देव थोडे दिवस भुईवर बसला तर तो रागावत नाही, हे मी डोक्यावर त्याला घेऊन सांगतो. आणि नवस बोलायचाच झाला, तर द्वारकाबाईसारखा बोला. सगळ्यांचा बोला, आणि शेवटचा भिवा येईस्तोवर उठू नका.