हॅलो, एक, दोन

लिफ्टच्या मिस्त्रीने बायकोला आयुष्यभर एकच गोष्ट बजावली होती, "हळू गं, शेजारी ऐकतील." ओट्याशी उभी राहिली की ती गायचीच, आणि हा पेपरमागून टोकायचाच. आता सोमवारी तिच्या घशाचं ऑपरेशन होतं. गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तेव्हापासून मिस्त्रीने एकच ध्यास घेतला. तिचं एक गाणं, अख्खं, मोठ्याने, संगीतासकट भरून ठेवायचं.

नवा कराओके सेट परवडणारा नव्हता. परवडला असता तरी याने घेतला नसता. खोलून पाहिल्याशिवाय याचा कशावरच विश्वास नाही. भंगारातून अ‍ॅम्प्लिफायर आणला, जुन्या टीव्हीचे स्पीकर काढून फळ्यांच्या खोक्यात बसवले, माइक मेहुण्याकडून उसना घेतला. संगीत लेकीच्या जुन्या मोबाइलवरून वाजणार होतं आणि सगळं भरून घ्यायचं होतं याच्या मोबाइलवर.

रविवारी सकाळी ती केस विंचरून, कोमट पाण्याचा पेला घेऊन खुर्चीत बसली. मिस्त्रीने आपल्या मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं, सेट लावला, आणि स्पीकरमधून घूं असा आवाज येऊ लागला.

"चालेल हो," ती माइकमध्ये म्हणाली. "माझ्या आवाजापुढे कोण ऐकतंय त्याला?"

"चालेल काय? मला हे आयुष्यभर ऐकायचंय."

ती लाजलीच. इतकं गोड तो लग्नातसुद्धा बोलला नव्हता.

त्याने सेट उघडला, एक वायर बदलली. "बोल बघू."

"हॅलो, एक, दोन."

हेडफोन लावून भरलेला तुकडा ऐकला, कपाळाला आठ्या घातल्या. "परत." वायरीच्या जोडावरचं सोल्डर नवं केलं. "परत बोल." माइक तिच्याच आवाजावर जुळवायला हवा, आपल्या भसाड्या आवाजावर जुळवून काय उपयोग, असं त्याचं म्हणणं. मजल्यापासून बोटभर खाली थांबणारी लिफ्ट त्याने कधी कुणाच्या ताब्यात दिली नव्हती, आणि तेच खूळ इथे नडलं. जेवणं निवून गेली. ती बिचारी सांगेल तेव्हा हॅलो म्हणत राहिली.

उन्हं कलताना घूं थांबली. "आता गा! हवं तेवढं मोठ्याने."

संगीत सुरू झालं. तिची जागा आली, तिने तोंड उघडलं, आणि नुसती हवा बाहेर आली. सेट इतका स्वच्छ झाला होता की तो श्वास खोलीभर ऐकू आला. तिने पुन्हा प्रयत्न केला, मग गळ्यावर हात ठेवला.

मिस्त्रीने संगीत बंद केलं. तो खाली बसला. "मी संपवला गं तुझा आवाज."

तिने मानेनेच नाही म्हटलं आणि पेल्यात उरलेलं पाणी त्याला पाजलं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. आता ओट्याशी फक्त भांडी वाजतात. मिस्त्री बाहेर बसून मोबाइलमधले तुकडे सेटवर लावतो. बहुतेक हॅलो, एक, दोन. शेवटचे तर नुसते घोगरे. त्यांतला पहिला तुकडा तो पुन्हापुन्हा लावतो, आवाज पूर्ण मोठा करून.

"चालेल हो. माझ्या आवाजापुढे कोण ऐकतंय त्याला?"

घूं त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहे. शेजाऱ्यांना ऐकू येते, त्याला येत नाही.