अख्खा समुद्र

"साहेब, इथं बसायचं तिकीट कुठं मिळतंय?"

मरीन ड्राइव्हच्या कठड्याशी आपल्या मोटारसायकलला टेकून उभ्या असलेल्या हवालदारानं विचारणाऱ्याला एकदा नीट न्याहाळलं. साठीचा गडी. अंगात पांढरा सदरा, कपाळाला विभूती, कानामागे पेन्सिल, हातात घडीचा कागद. त्याच्या दंडाला धरून एक इरकल नेसलेली बाई उभी होती.

"समुद्राला कसलं आलंय तिकीट, काका?"

"म्हंजे फुकट?"

"फुकट."

"अन् दिवसभर बसलं तर?"

हवालदार हसायलाच लागला. "लातूरकडचे का हो तुम्ही?"

"चाकूरचा. पण तुमी कसं वळखलं?"

"मी मुदखेडचा. साहेबराव म्हणतात मला. पाण्याला किती पैसे पडतात हे आपल्याकडचाच माणूस आधी विचारतो." त्यानं हातानं कठडा दाखवला. "बसा खुशाल. कुणी उठवणार नाही."

गुरुबसप्पानं कानामागची पेन्सिल काढून कागदावर खूण केली. ही पेन्सिल पाइपावर माप आखायची. पस्तीस वर्षं त्यानं चाकूर तालुक्यात बोअरच्या मोटारी टाकल्या, काढल्या, दुरुस्त केल्या. आज मात्र नट पिळायचे पाने घरी ठेवून आला होता. कागद लेकीनं, सुकन्यानं, लिहून दिला होता. वरच ठसठशीत अक्षरात होतं, 'एक पैसा न देता'. खाली आठ ठिकाणं. रात्री लातूरला गाडीत बसायचं, सकाळी मुंबईत उतरायचं, दिवसभर हिंडायचं आणि रात्रीच्या गाडीनं परत. लॉजची भानगडच नको. एका दिवसात आठ ठिकाणं व्हायलाच हवी होती, कारण दुसरी खेप होईल याची खात्री कुणी देत नव्हतं.

दिवाळीपासून त्याची बायको पार्वतम्मा दाराच्या चौकटींना धडकायला लागली होती. लातूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. बाजूची नजर गेलीय, मधली तेवढी उरलीय. ती वर्षभर टिकेल, कदाचित थोडी जास्त. गेलेली काही परत येत नाही. दवाखान्यातून बाहेर आल्यावर रिक्षात गुरुबसप्पानं विचारलं होतं, "तुला काय बघायचंय ते सांग. काय वाट्टेल ते सांग."

तिनं एकच शब्द उच्चारला. "समुद्र."

तिचं हे खूळ जुनं होतं. लग्न झाल्यावरची दोन-तीन वर्षं ती त्याच्यासोबत शिवारात जायची, आरसा धरायला. बोअरमध्ये पाणी किती खाली आहे ते बघायचं तर आरशानं उन्हाचा कवडसा आत सोडावा लागतो. बोअर झाडाखाली असेल तर एका आरशानं भागत नाही. मग पार्वतम्मा उन्हात उभी राहून आपल्या आरशातला उजेड त्याच्या आरशावर टाकायची, आणि तो तिथून खाली सोडायचा. "हात हलू देऊ नको," तो बोअरवर वाकून ओरडायचा, "पाणी जातंय!" खूप खोल, काळोखात, रुपयाएवढं पाणी चमकायचं. कधी तेही नसायचं. एकदा दुपारभर तीन कोरडे बोअर बघून झाल्यावर नवी नवरी वैतागून म्हणाली होती, "एकदा मला असं पाणी दाखवा, जे बघायला आरसा लागत न्हाई." त्यानं तेव्हा हसून हो म्हटलं होतं. हो म्हणायला काय जातं? पस्तीस वर्षं गेली.

आणि आता हे समोर पसरलेलं! गुरुबसप्पाचं तोंडच मिटेना. ना काठ, ना कडा. आभाळापर्यंत नुसतं पाणी, आणि तेही जागचं हलत होतं, चमकत होतं, दगडांवर आदळून फुटत होतं. एवढं पाणी असताना जगात कुणी टँकरची वाट का बघावी, हेच त्याला कळेना.

"बापा बापा! कुणी कॉक उघडा टाकला म्हणावं हा? दिसलं का गं?"

"दिसलं की वो," पार्वतम्मा म्हणाली. "केवढं!"

चौपाटीवर तो घोट्याएवढ्या पाण्यात शिरला आणि पस्तीस वर्षांच्या सवयीनं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. नव्या बोअरचं पहिलं पाणी तो असंच चाखून बघायचा. थू करून त्यानं गंभीरपणे निकाल दिला, "खारं हाय. मोटर टाकून उपेग न्हाई." पार्वतम्मा इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. शेजारी ओल्या वाळूत बसलेल्या बायकाही हसल्या. भाषा कळली नसली तरी तोंड कळलं असणार.

मग बस. मग विद्यापीठाचा घड्याळाचा मनोरा. मग गेटवे. गुरुबसप्पा दुसऱ्याच्या शेतात घुसलेल्या बैलासारखा सुटला होता. बघेल तिथं तोंड घालत होता. "हे बघ! ते बघ! वर बघ!" आणि दर वेळी मागून आवाज येत होता, "दिसलं. दिसलं की वो." तो खूण करत होता.

गेटवेपाशी लांबवर एक प्रचंड जहाज उभं होतं. त्यानं हात उंच केला. "त्ये बघ जहाज! अख्खं चाकूर बसंल त्यात!"

"बाई बाई, लईच मोठं की!"

त्यानं सहज मागं वळून पाहिलं. पार्वतम्माचं तोंड भलतीकडे होतं. ती कबुतरांकडे बघत होती.

गुरुबसप्पानं उंच केलेला हात खाली घेतला. "पार्वते, जहाज कुठाय?"

तिनं अंदाजानं बोट केलं, तिथं नुसतं पाणी होतं.

"सकाळपासनं खोटं बोलायलीस?"

"मग काय बोलू?" ती हळूच म्हणाली. "तुमी एवढ्या हौसंनं दाखवलालाव. मला वाटीवाटीनं दिसतंय वो. इथं वाटीभर पाणी, तिथं वाटीभर आभाळ. मान फिरवली की आधीचं जातंय. समुद्र कसा असतोय ते कायी कळंना गेलंय."

तो तिथंच फरशीवर मटकन बसला. त्याला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. मोटर जळाली तर नवी तार गुंडाळता येते. पाइप फुटला तर तुकडा जोडता येतो. इथं कुठला पाना घालायचा? उशीर आपण केला. दहा वर्षांपूर्वी आलो असतो, पाच वर्षांपूर्वी आलो असतो! पण दर उन्हाळ्यात कुणाची ना कुणाची मोटर अडकलेली असायची, आणि आपण म्हणायचो, पुढच्या साली जाऊ.

"उठा," पार्वतम्मा म्हणाली. "सकाळच्याच जागी जाऊन बसू. निदान आवाज तरी लई झ्याक हाय तिथला."

चार ठिकाणं राहिली. त्यानं कागद खिशात घातला.

ऊन उतरलं होतं. साहेबरावची मोटारसायकल तिथंच होती, रस्त्याकडे तोंड करून आणि समुद्राकडे पाठ करून. साहेबराव जवळच कुणाशी तरी बोलत होता. घामानं पार्वतम्माचं कुंकू ओघळलं होतं. ते नीट करायला ती चाचपडत गाडीच्या हँडलपाशी गेली आणि तिथल्या छोट्या फुगीर आरशात वाकली.

वाकली ती वाकलीच.

"काय झालं गं?"

"अवो!"

"काय?"

"अवो, समदा दिसतोय!" ती ओरडली. "समदा! हितून तितपर्यंत! आभाळ, पाणी, हिकडच्या इमारती, त्यो वाकडा रस्ता... समदा एकाच ठिकाणी हाय! अगं माय, हा असा असतोय व्हय समुद्र? एवढा असतोय?"

गुरुबसप्पा धावत मागं आला आणि तिच्या खांद्यावरून वाकला. फुगीर आरशात सगळं बारीक होऊन बसलं होतं. अख्खा किनारा, सूर्याचा लाल गोळा, पाण्यावरची त्याची वाट. वाटीएवढ्या आरशात अख्खा समुद्र मावला होता, आणि तेवढीच वाटी तिच्या नजरेत उरली होती.

"सरका, मधी येताय," ती म्हणाली. तो सरकला. तशी ती घाईनं म्हणाली, "न्हाई, न्हाई. ऱ्हावा. ऱ्हावा तितंच."

तो राहिला.

"दिवाळीपासनं तुमाला अख्खं बघितलं न्हाई. नाक बघितलं की हात दिसंना, हात बघितला की तोंड जायचं." ती आरशातल्या त्याच्याकडे बघत होती. "केस किती पिकलेत वो तुमचे. अन् रडता काय खुळ्यासारखं?"

"कोण रडतंय? खारं वारं हाय."

"शेवटी आरसाच लागला बघा," ती म्हणाली आणि हसली.

साहेबरावची ड्यूटी संपली असावी. तो किल्ली बोटात फिरवत आला, दोघांना पाहून थबकला. त्यानं किल्ली खिशात टाकली आणि समुद्राकडे बघत कठड्यावर जाऊन बसला.

आरशाचा नट ढिला होता. रस्त्यावरून जड गाडी गेली की आरसा हळूच खाली कलायचा आणि समुद्र निसटायचा. गुरुबसप्पाचा हात सवयीनं खिशाकडे गेला. पाना नव्हता. मग तो पुढं झाला, आणि आरशाची कड त्यानं दोन्ही हातांनी धरली.

"जरा वर," ती म्हणाली. "आता हात हलू देऊ नका. पाणी जातंय."

सूर्य पार बुडेपर्यंत त्यानं हात हलू दिला नाही.