उसन्या पेट्या

एकाच पेटीत झोपलेली, दोन वेगळ्या आयांची दोन बाळं सिस्टरने अलगद वेगळी केली. लहानग्याला उसन्या पेटीत ठेवलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या या चार पेट्या सकाळीच पलीकडच्या खासगी दवाखान्यातून मागून आणल्या होत्या. मागायची अक्कल सिस्टरचीच. ज्यांच्यापुढे हात पसरायचा त्यांच्यापुढेच थाट मांडायचा, ही सरकारी दवाखान्याची जुनी खोड.

"सिस्टर, लग्नघर दिसतंय अगदी," पडदे अडकवत वॉर्डमामा म्हणाला. "बँडबाजा तेवढा राहिला."

"तोंड आवर आणि ती गळकी बादली हलव."

दिवस भरण्याआधी होणारी बाळंतपणं रोखायची योजना होती. तिचं अनुदान चालू ठेवायचं की नाही, ते आज पाहणीला येणारे साहेब ठरवणार होते. त्याच पैशावर गरोदर बायांच्या तपासण्या होत, सुया मिळत, गर्भपिशवीच्या तोंडाला वेळेवर टाका पडे. सिस्टरची सूनही त्यातच. तिचं पहिलं सहाव्यातच झालं आणि याच वॉर्डात गेलं. आता पुन्हा पाचवा लागला होता. तपासणीला येऊन ती बाहेर बाकावर बसली होती.

साहेब आले. एका पेटीत एक बाळ, चकचकीत फरशी. त्यांनी मान डोलावली.

"वा! बाकी ठिकाणी एकेका पेटीत दोन-दोन कोंबलेली बघून आलोय. पैसा थोडा आहे, तो तिकडेच वळवावा लागेल. तुमचं काय, छान चाललंय."

साहेबांसोबत फिरणाऱ्या वॉर्डच्या डॉक्टरीणबाईंचं हसू तोंडावर तसंच राहिलं.

"साहेब, या पेट्या उसन्या आहेत," सिस्टर म्हणाली. "रोज आमच्याकडेही दोन-दोनच असतात."

साहेब हसले. "पैसे जाताना दिसले की सगळे असंच म्हणतात, सिस्टर. काय मॅडम?"

डॉक्टरीणबाई फरशीकडे बघत राहिल्या.

दुपारी टेम्पो आला. मामाने पेट्या उचलल्या. सिस्टरने लहानग्याला पुन्हा जुन्या पेटीत, दुसऱ्याला खेटून ठेवलं. जागा करताना त्याचा हात दुमडावा लागला.

ती बाहेर आली तशी सून उठली.

"आई, खूश झाले का साहेब?"

"फार."

"मग पुढच्या तपासणीला कधी यायचं?"

सिस्टरने तिच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"चल घरी. सावकाश. पायरी बघून उतर."