शेजारचं अक्षर

चाचणी तिसऱ्यांदा केली तरी डीएनएचे तुकडे आकाराप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर पट्टा एकच. जनुक कापला गेला असता, तर त्याखाली आणखी दोन छोटे पट्टे दिसायला हवे होते. आत्याने दिवा बंद करून पुन्हा लावला. तेवढ्याने पट्टे उगवतात असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय, कोण जाणे!

प्रयोगशाळेत सगळेच तिला आत्या म्हणत, कारण दोन वर्षं ती भाचीशिवाय दुसरं काही बोललीच नव्हती. तिचा भाऊ चौतिसाव्या वर्षी जिन्यात कोसळला तो उठलाच नाही. हृदय निकामी करणारा बिघडलेला जनुक तो लेकीला देऊन गेला होता. पोर आता आठ वर्षांची. वर्षअखेरपर्यंत जनुकाच्या दोन प्रतींपैकी ही बिघडलेली प्रत बंद केली तर आशा आहे, त्यानंतर हृदय उपचारच सोसणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

ती प्रत कापून बंद करणारं प्रथिन आत्याने तयार केलं होतं. पण ते मोठं हट्टी. डीएनएच्या लांबलचक धाग्यावर ते ‘जी’ला लागून ‘जी’ अशी दोन अक्षरं शोधतं. ती दिसली तरच थांबतं, धागा उसवतं, बिघाड आपल्याजवळच्या नमुन्याशी जुळतो का पाहतं आणि मग कापतं. ती दोन अक्षरं नसली, तर बिघाड समोर असूनही ढुंकून बघत नाही.

दोन वर्षांपूर्वी कामाच्या अर्जात एक रकाना होता : रुग्णाच्या स्वतःच्या जनुकाचा अक्षरक्रम वाचला का? आत्याने त्यात ‘गरज नाही’ असं लिहिलं. बिघाड कुठे आहे ते तपासणीच्या कागदावर होतंच, आणि आजूबाजूची अक्षरं तर माणसाच्या डीएनएच्या प्रमाण नकाशात छापलेली. त्याच आठवड्यात पोरीला पाच वेळा टोचलं होतं. क्रम वाचण्यासाठी सहाव्यांदा रक्त घ्यायचं, तर ती टेबलाच्या पायाला मिठी मारून बसली, तेव्हा आत्याचा जीव कळवळला. “राहू दे बाई आजचा दिवस,” ती म्हणाली. तो दिवस राहिला तो राहिलाच. पुढे नकाशाबरहुकूम अक्षरं असलेल्या प्रयोगशाळेतल्या पेशींत तोच बिघाड घालून पाहिला, तर प्रथिनाने तो इतका सफाईने कापला की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता पोरीच्याच पेशी समोर होत्या. दुपारी त्यांचा क्रम वाचून आला. बिघाड जिथल्या तिथे होता, पण त्याच्या शेजारी ‘जीजी’ऐवजी ‘जीए’. आत्याने स्वतःचं रक्त तपासलं. तिच्यातही तोच ‘ए’ निघाला. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं निरुपद्रवी अक्षर, त्याने कधी कुणाचं डोकंसुद्धा दुखलं नव्हतं.

“दुसरी प्रथिनं आहेत ना, वेगळी अक्षरं शोधणारी?” तिने प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंना विचारलं. उत्तर तिला पाठ होतं.

“आहेत की. पण सगळं पहिल्यापासून करावं लागेल. दोन वर्षं तरी धर.” मोठ्या बाईंनी चष्मा काढला. “अगं, एकदा वाचून का नाही घेतलंस?”

आत्याला स्वतःचा राग आला. परक्याची पोर असती, तर हिने ते थेंबभर रक्त घेतल्याशिवाय सोडलं असतं का?

ती घरी आली तेव्हा वहिनी ओट्यापाशी भाजी निवडत होती. आत्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, रकान्यासकट. स्वतःला पाठीशी घालणारा एक शब्दही उच्चारला नाही. वहिनी शिव्या देईल, निदान रडेल तरी, म्हणून ती वाट बघत राहिली.

वहिनीने निवडलेली भाजी तशीच पाण्यात टाकली. मग ती म्हणाली, “वन्सं, हे तिला कधी कळू द्यायचं नाही.”

“माझी चूक झाकायला?”

“तुमचं काय घेऊन बसलात! घाबरली की ती माझ्याकडे येत नाही, तुमच्याकडे येते. आता ती घाबरणार आहे. तुम्हाला नजर चुकवून चालायचं नाही.”

आतून भाचीने आत्याला हाक मारली. आत्याने तोंडावर पाणी मारलं, “आले गं” म्हणाली आणि आत गेली.