गंगीचं लोढणं

त्या दिवशी मल्लव्वानं दोन गोष्टी पक्क्या ठरवल्या होत्या. पाहुण्यांना माळ दिसता कामा नये आणि कुत्र्यांच्या गळ्यात लोढणं दिसता कामा नये. बाकीचं देव बघून घेईल, असं ती सुसल्याचे चुरमुरे निवडताना स्वतःशी म्हणाली, आणि देवावर फार भार नको म्हणून सकाळीच तिनं गोठासुद्धा सारवून घेतला.

पाहुणे काही ऐरेगैरे नव्हते. अक्कलकोटला खत-बियाणांचं भलंमोठं दुकान असलेले शिवप्पा, त्यांची बायको गुरम्मा आणि सोलापुरात शाळेवर शिकवणारी त्यांची लेक राजेश्वरी. मल्लव्वाच्या शरणूसाठी हे स्थळ सांगून आलं होतं. मुलगा त्यांच्या मनात भरला होता, आता घर आणि रान बघायचं राहिलं होतं. आषाढ सरायची वाट बघून त्यांनी श्रावणातला पहिलाच चांगला दिवस धरला होता. शरणूनं तिशी ओलांडलेली. शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळवताना आईबापाच्या नाकीनऊ येतात, हे दुधनीच्या शिवारात कुणाला सांगायला नको. मल्लव्वाचं दुखणं मात्र त्याहून निराळं होतं. आधीची तिन्ही स्थळं घरापर्यंत आली, सुसला खाऊन गेली आणि माळ बघून परत फिरली.

माळ म्हणजे नऊ एकर गवताचं रान. मल्लव्वाचा नवरा तिप्पण्णा याच्या वाट्याला चौदा एकर आले होते. त्यातले पाच विहिरीखाली. तिथं तूर, उडीद, थोडा ऊस. उरलेल्या माळावर बारा वर्षांपूर्वी तिप्पण्णानं नांगर घालायचा बंद केला. आधी बैल विकले म्हणून, मग गवत छान आलं म्हणून, आणि मग त्या गवतात जे जे यायला लागलं ते बघून त्याचं डोकंच फिरलं म्हणून. हिवाळ्यात कुठल्या कुठल्या मुलखातून घारीसारख्या भोवत्या यायच्या आणि तिन्हीसांजेला गवतात उतरून मुक्काम करायच्या. उन्हाळ्यात खोकडाची मादी बिळातून पिल्लं बाहेर काढायची. काळविटांचा कळप तर घरचाच झाला होता. आणि पावसाळ्यात तणमोर. ही पाखरं आता मोजकीच उरलीत म्हणे, त्यामुळे पुण्याची माणसं नुसता त्याचा आवाज ऐकायला एवढ्या लांब यायची. शरणू त्यांना बांधावरूनच सगळं दाखवायचा, गवतात पाऊल टाकू द्यायचा नाही. गावानं त्या रानाचं नाव ‘येड्याचा माळ’ पाडलं होतं आणि बापलेक ते नाव पदवी मिळाल्यासारखं मिरवत होते.

मल्लव्वा मात्र बारा वर्षं त्या माळाच्या नावानं बोटं मोडत आली होती. “गवतानं सून येती व्हय घरात?” हा तिचा ठरलेला सवाल. एवढं असून तणमोराचा पहिला आवाज घरात सगळ्यांच्या आधी तिलाच ऐकू यायचा. उन्हाळ्यात माळावरच्या दगडी डोणीतलं पाणी आटलं की टँकरवाल्याला फोनही तीच करायची. हे कुणी तिला बोलून दाखवलं तर मात्र ती उसळायची.

राहता राहिली कुत्री. गंगी आणि तिचा पोरगा केंच्या, दोघंही कारवानी. लांब तोंड, आत गेलेलं पोट, उंच काटक पाय. पळणारी शिकार धरायलाच ही जात जन्माला येते. भुईवर अंडी घालणाऱ्या पाखरांशेजारी तिला मोकळं सोडणं म्हणजे अंड्यांवर पाणी सोडणंच. म्हणून मृगापासून दसऱ्यापर्यंत दोघांच्या गळ्यात बाभळीचं लोढणं असायचं. हातभर लाकूड, दोरीनं बांधलेलं, पुढच्या पायांत लोंबणारं. ओढाळ गुरांना घालतात तसंच. त्यानं चालता येतं, पळता येत नाही. खंडेनवमीला ती लोढणी सोडायची, धुवायची आणि विळा-कुदळीच्या शेजारी मांडून त्यांनाही हळदकुंकू लावायचं, असा रिवाज तिप्पण्णानं घरात पाडला होता. “कुत्र्यांनी बी चार म्हैने राखणच केली की,” असं तो म्हणायचा.

आणि ही लोढणीच दर वेळी घात करायची. अंगणात आलेला पाहुणा पहिलं विचारायचा, “कुत्री चावरी हायत काय?” मग तिप्पण्णा खुलून सांगायला बसायचा. अंडी, तणमोर, नऊ एकर, बारा वर्षं नांगर नाही. सुसल्याच्या दुसऱ्या घासाला पाहुण्याचा चेहरा उतरायचा.

म्हणून या खेपेला बापलेक दुधनीला पेढे आणायला गेलेले बघून मल्लव्वानं दोन्ही लोढणी सोडली आणि धान्याच्या कणगीमागं दडवली. कुत्र्यांना अंघोळ घालून गोठ्यात कोंडलं आणि बाहेरून कडी लावली. गंगीच्या कपाळाला तिनं विभूतीसुद्धा लावली. समजा कुणाच्या नजरेला पडलीच तर सज्जन तरी दिसावी. दोघं परत आल्यावर तिनं दम भरला, “आज माळाचं नाव काढलं तर माझ्याशी गाठ हाय.” लोढण्यांचं मात्र ती काही बोलली नाही.

चारच्या सुमाराला पाहुण्यांची गाडी आली. आभाळ भरलेलं होतं, पाऊस नव्हता. “बर्री, बर्री, कूडरी,” असं कानडीत ‘या, बसा’ म्हणत तिप्पण्णानं सगळ्यांना सोप्यात बसवलं. इरकल नेसलेली मल्लव्वा सुसला, शेंगापोळी, चहा घेऊन आली. राजेश्वरी मोकळेपणानं बोलत होती, शरणूला उसाबद्दल विचारत होती, आणि शरणू खाली मान घालून का होईना पण हसत होता. सगळं कसं मनासारखं चाललं होतं.

मग शिवप्पा हात धुवायला मागच्या दारी गेले. तिथून तुरीच्या पलीकडं माळ दिसत होता, कमरेएवढा वाढलेला, हिरवागार.

“ते रान कुणाचं ओ?” त्यांनी विचारलं.

पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असलेल्या मल्लव्वाच्या तोंडून निघून गेलं, “भावकीचं.”

तिप्पण्णाच्या हातातली बशी ओठांपर्यंत जाता जाता थांबली. शरणूनं आईकडं बघितलं. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

“आळशी दिसतोय मालक,” शिवप्पा मिशीवरचं पाणी पुसत म्हणाले. “काय तण माजू दिलंय! माझ्याकडचा एक फवारा मारा म्हणावं, आठ दिवसांत जळून जाईल. नांगरून तूर टाकली तर सोनं पिकंल की तितं.”

“व्हय की,” मल्लव्वा म्हणाली.

म्हणाली खरी, पण ते दोन शब्द तिचे तिलाच खटकले. नवऱ्याला आळशी म्हणायचा मक्ता बारा वर्षं तिच्याकडं होता. आज दुसऱ्यानं तोच शब्द वापरला होता. तिप्पण्णा बशीतला चहा बघत बसला होता. तिला स्वतःची लाज वाटली. माळाची कधी वाटली नव्हती इतकी वाटली.

तेवढ्यात गुरम्मा उठल्या. त्यांना गाई बघायच्या होत्या. मुलीच्या आईनं गोठ्यात डोकावल्याशिवाय घर बघून होत नाही, हे मल्लव्वाला चांगलं ठाऊक होतं. गोठा त्यासाठीच तर सारवला होता. आणि कुत्री त्यातच कोंडली होती! घाईत माणूस असंच शहाणपण करतं. ती “अवो, थांबा” म्हणेपर्यंत गुरम्मांनी कडी काढलीसुद्धा.

दार उघडलं आणि गंगी-केंच्या बाहेर पडले. एरवी अंगण हुंगून ते पायाशी आले असते. पण नेमका कडब्याच्या गंजीखालून एक ससा उठला. ससा तुरीत शिरला, त्याच्यामागं केंच्या, केंच्यामागं गंगी. तुरीपलीकडं बांध आणि बांधापलीकडं माळ. कालच शरणू सांगत होता, बांधापासून हाकेच्या अंतरावर तणमोराची मादी अंड्यांवर बसली आहे.

मल्लव्वाला पाहुण्यांचं भान राहिलं नाही. “शरण्याऽ!” ती ओरडली. “लोढणी न्हाईत त्यांच्या गळ्यात! मी काढल्यात रं! पळ!”

शरणू अनवाणीच पळाला. मल्लव्वानं इरकलीचा काष्टा मारला आणि तीही चिखल तुडवत निघाली. मागून तिप्पण्णा, त्याच्यामागं राजेश्वरी, आणि काय चाललंय ते न कळताच शिवप्पा आणि गुरम्मा. मल्लव्वाच्या डोक्यात एकच होतं. कधी तरी येणारं पाखरू, सगळा मुलूख सोडून आपल्या दारात येऊन बसलं, आणि त्याची अंडी आपण आपल्या हातानं घालवली. सुनेच्या हव्यासापायी. धावता धावता तिला रडू फुटलं.

तुरीतून ती बाहेर आली तर शरणू उभाच होता. त्यानं हात मागं करून तिला थांबवलं आणि पुढं बोट केलं.

गंगी बांधावर उभी होती. बांधावरच, पलीकडं नव्हे. दर पावसाळ्यात लोढणं त्या बांधाच्या दगडांत अडकायचं आणि ती तिथंच थांबायची. आज गळ्यात काही नव्हतं, पुढं ससा पळत होता, तरी ती थांबली होती. अंग थरथरत होतं, एक पाय उचललेला तसाच वर होता. केंच्या तरुण आणि उतावळा. त्याचे पुढचे दोन पाय बांधाखाली गवतात पडले होते. गंगी एकदाच गुरगुरली, घशातल्या घशात. केंच्यानं मागं बघितलं. शेपूट पायांत घातलं, बांध चढून वर आला आणि आईच्या शेजारी बसला. ससा गवतात कुठल्या कुठं गेला.

कुणी काही बोलायच्या आत गवतातून तणमोर उडाला. काळा कुळकुळीत, पंखांवर पांढरं, डोक्यावर मागं वळलेले तुरे, कोंबडीएवढा नर. माणूसभर उंच उसळला, बेडकागत डरांव करून पंख फडफडवले आणि उभ्याचा उभा गवतात उतरला. क्षणभरानं पुन्हा उसळला. म्हणजे काही बिघडलं नव्हतं.

मल्लव्वाच्या जिवात जीव आला, आणि जिवाबरोबर दुसरंही काहीतरी आलं, बारा वर्षं दाबून ठेवलेलं. पदरानं तोंड पुसून ती शिवप्पांकडं वळली.

“अण्णा, हे रान भावकीचं न्हाय. आमचं हाय. मगाशी मी खोटं बोलले. आळशी मालक म्हनला न्हवं तुमी, तो ह्यो माझा नवरा. सगळ्या गावाची बोलणी खाल्ली, पर हितं फवारा मारू दिला न्हाय. हा माझा पोरगा. उन्हातान्हात हितं राखण करतो म्हणून लांबनं लांबनं येऊन ही पाखरं हितं घर करत्यात. आन ही आमची कुत्री बगा. शिकारीची जात. म्होरं ससा, गळ्यात काय न्हाय, तरी बांध वलांडला न्हाय. असली कुत्री पंचक्रोशीत कुणाच्या दारात असली तर दावा मला!” तिला धाप लागली होती, पण ती थांबली नाही. “पोरगी द्या, न्हाय तर नगा देऊ. हे रान नांगरायचं न्हाय. आदीच सांगून ठिवते.”

बोलून झालं आणि मग तिला कळलं आपण काय बोललो. चौथं स्थळ तिनं स्वतःच्या तोंडानं मोडलं होतं. शरणूकडं बघायचा तिला धीर होईना. बघितलं तेव्हा तो डोळे भरून हसत होता. आणि तिप्पण्णा! हा माणूस एवढ्या वर्षांत तिच्याकडं असा बघत उभा राहिल्याचं तिला आठवेना. चिखलानं भरलेल्या इरकलीत तिची मान आपोआप ताठ झाली.

शिवप्पांनी बुटाचा चिखल दगडावर घासला. “चला,” ते गुरम्मांना म्हणाले, “उशीर हुतोय.”

“थांबा की अप्पा,” राजेश्वरी म्हणाली. ती केव्हाच बांधावर गंगीच्या शेजारी बसली होती. “परत उडंल त्यो.”

“उडंल,” मल्लव्वा म्हणाली. “ढगाळ हाय न्हवं. अंधार पडूस्तोवर उडतंय.”

मग सगळेच बसले. शिवप्पाही रुमाल अंथरून बसले. तणमोर उसळत राहिला आणि दर खेपेला गुरम्मा “अय्यय्यो” म्हणत राहिल्या. तिप्पण्णानं हलक्या आवाजात अंडी, लोढणी, खंडेनवमी, सगळं सांगितलं; आज त्याला कोण अडवणार होतं?

“हे पाखरू तणातच ऱ्हातंय व्हय?” बऱ्याच वेळानं शिवप्पांनी विचारलं.

“तणातच,” शरणू म्हणाला.

शिवप्पा उठेपर्यंत गवताकडं बघत राहिले.

निघताना गाडीचं दार धरून ते मल्लव्वाला म्हणाले, “अक्का, तुमच्या भावकीला माझा नमस्कार सांगा. आळशी म्हनलो, ते मागं घेतलं म्हणावं.” मल्लव्वाला हसावं की लाजावं कळेना. “घरी जाऊन पोरीला इचारतो, मग कळवतो.”

“आता काय इचारायचं ऱ्हायलंय?” गाडीत बसता बसता राजेश्वरी म्हणाली. मग काच खाली करून मल्लव्वाला म्हणाली, “अव्वा, खंडेनवमीला लोढण्यांची पूजा करताना मला बलवा. मला लावायचंय हळदकुंकू.”

गाडी डांबरीला लागेपर्यंत मल्लव्वा फाटकातच उभी राहिली. मग घरात जाऊन तिनं कणगीमागून दोन्ही लोढणी काढली. केंच्याला हाक मारली आणि त्याचं लोढणं त्याच्या गळ्यात बांधलं. तो अजून पोरगा होता, त्याचा भरवसा नव्हता. त्याचं झाल्यावर गंगी आपणहून पुढं आली आणि दर वर्षीसारखी मान खाली घालून उभी राहिली.

“तुला न्हाय गं बाई,” मल्लव्वा म्हणाली. “तुला आता कशाला?”

तिनं गंगीचं लोढणं पदरानं पुसलं आणि समोरच्या दाराच्या चौकटीवर खिळा ठोकून तिथं टांगलं, घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सगळ्यात आधी दिसेल असं.