केवलरामची आवड

हेमराजला नवनवे बँड शोधायचा नाद होता. भिलाईच्या त्याच्या सेक्टरात हा नाद दुसऱ्या कुणालाच नव्हता, त्यामुळे प्रत्येक बँड सगळ्यांत आधी त्यालाच सापडायचा. त्याचा मामेभाऊ जहाजावर नोकरीला होता. कुठल्या तरी थंड मुलखातल्या पोरांनी घरच्या घरी गिटार आणि सिंथेसायझर वाजवून भरलेल्या कॅसेटी तो वर्षातून एकदा पाठवायचा. त्यांवर ना कंपनीचं नाव, ना कुणाचा फोटो. हेमराजच्या लेखी हीच दर्जाची खूण होती.

अडचण एकच. वडील, केवलराम, स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. नाइट शिफ्ट करून आले की दिवसा झोपायचे, आणि घरात ताट जरी वाजलं तरी आई, कौशल्याबाई, डोळे वटारायची. म्हणून हेमराज कॉलेजला दांडी मारून, हेडफोन लावून, जग पालथं घालत होता.

ब्याण्णव सालच्या एका सकाळी त्यानं नवी कॅसेट लावली आणि हेडफोनची वायर पायात अडकून निघाली. सिंथेसायझरनं अशी बोंब ठोकली की शेजाऱ्यांचं कुत्रं भुंकायचं विसरलं. हेमराजनं झडप घालून टेप बंद केला आणि शिव्या खायच्या तयारीनं मागे वळला. केवलराम हातभर अंतरावर झोपले होते. त्यांनी कूससुद्धा बदलली नाही.

आई दारात उभी होती.

"तुले मालूम नव्हतं का?" ती हळू आवाजात म्हणाली. "दोन साल झाले. तुह्या आजाचेही कान असेच गेले होते. क्रेनवर हाताचे इशारे चालते, म्हणून कोणाले समजलं नाही."

"मग मले चुप कावून बसवत होती?"

"आवाज झाला अन् हे उठले नाही, त लोक इचारतील. मेडिकलमध्ये अनफिट केलं त नोकरी गेली. रिटायरमेंटले सालभर आहे."

सातासमुद्रापलीकडचे बँड आपण हुडकून काढले आणि हातभरावर झोपलेला बाप काही सापडला नाही, याची हेमराजला लाज वाटली. पण लाज वाटून घ्यायला वेळ नव्हता, कारण दार वाजलं.

दारात शेजारचे पंजाबराव होते. ते प्लांटमध्ये केवलरामांच्याच विभागात कामाला होते, आणि त्यांना कळलेली गोष्ट शिफ्ट सुटायच्या आत गेटपर्यंत पोचायची.

"काय फुटलं रे? केवलराम उठला नाही?"

"बाबांनीच लावलं होतं, काका," हेमराज म्हणाला. "उनको पसंद है."

"हे?"

"हेच. नवीन बँड आहे."

पंजाबरावांनी क्षणभर विचार केला. मग आपणही संध्याकाळी ऐकायला येतो म्हणाले.

कौशल्याबाईनं नवऱ्याला ओठ हलवून आणि हात हलवून सगळं समजावलं. केवलराम "मंग बसाव लागन," म्हणाले, आणि संध्याकाळी धुतलेला सदरा घालून व्हरांड्यात येऊन बसले.

हेमराजनं आयुष्यात पहिल्यांदा आपला बँड फुल आवाजात लावला, आणि त्यातला एकही सूर त्याच्या कानात शिरला नाही. तो बापाच्या मानेकडे पाहत होता. मान भजनाला डोलावी तशी श्रद्धेनं डोलत होती. पंजाबराव चहा पीत होते आणि दात दुखत असल्यासारखं तोंड करून ऐकत होते.

मग गाणं संपलं. बँडच्या पोरांनी पुढे काही भरलंच नव्हतं. कॅसेट नुसती फिरत राहिली आणि केवलरामांची मान डोलत राहिली.

पंजाबरावांनी टेपकडे पाहिलं. मग मानेकडे.

 हेमराजला दुसरं काही सुचेना, तेव्हा तोही मान डोलवू लागला.

"यहाँ गॅप है, काका," तो म्हणाला. "नव्या म्युझिकमध्ये असतो."

पंजाबरावांनी कप खाली ठेवला. केवलरामांच्या चेहऱ्याकडे ते बराच वेळ पाहत बसले. आतल्या दारापाशी कौशल्याबाईनं पदर तोंडावर धरला होता. मग पंजाबरावांचीही मान हळूहळू हलू लागली.

"चालते," ते म्हणाले. "सालभरच त राहिलं त्याचं."